विम्याच्या अर्जात आजार लपवू नका, अर्धवटही सांगू नका

२०२५ च्या जून महिन्यातील गोष्ट. पहिल्या पावसाचे दिवस होते. रात्री अकराच्या सुमारास आमच्या गावचे एक निवृत्त मुख्याध्यापक छातीत कळा येतात म्हणून माझ्या दवाखान्यात आले. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, आपणही तेच म्हणू. कार्डिओग्राम काढला. हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. ॲस्पिरिनची गोळी चघळायला दिली, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना केले. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसवले. गुरुजींचा जीव वाचला.

खरी कळ त्यानंतर आली. विमा कंपनीने आधी कॅशलेस नाकारले आणि महिनाभराने दावाच फेटाळला. पत्रात कारण एका ओळीचे होते: प्रस्ताव अर्जात मधुमेहाची माहिती दिलेली नाही. बिल होते साडेतीन लाखांचे. मुलाने मुदत ठेव मोडली, गुरुजींच्या पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या. ज्या माणसाने पस्तीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवले, त्याच्या नावापुढे एका कागदावर 'माहिती दडवली' असा शेरा बसला. पैशांपेक्षा त्याचेच दुःख त्यांना अधिक झाले.

गुरुजी खोटे बोलले होते का? मुळीच नाही. पॉलिसी घेतली ती मार्च २०२१ मध्ये. एजंट त्यांचाच जुना विद्यार्थी. घराच्या ओसरीवर बसून त्याने अर्ज भरला. गुरुजी म्हणाले, "अरे, मला साखरेची गोळी चालू आहे हं." त्यावर तो म्हणाला, "एकच गोळी ना गुरुजी? तेवढ्यासाठी लिहायला नको. वरचे साहेब उगाच तपासण्या लावतात, मग अर्ज अडकतो." गुरुजींनी विश्वासाने सही केली. पॉलिसी घरी आली तेव्हा त्या पाकिटात अर्जाची प्रत होती. तिच्यावर 'मधुमेह : नाही' असे स्वच्छ छापलेले होते. ते पाकीट चार वर्षे कपाटात तसेच पडून राहिले.

मधुमेहावर उपचार मीच करत होतो. एजंटाने मला एक फोन केला असता, तर दोन मिनिटांत सारी माहिती मिळाली असती. पण एजंटाने डॉक्टरला विचारायचे आणि कंपनीला नीट कळवायचे, ही पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. म्हणून आजच्या लेखात एखाद्या रोगाऐवजी या पद्धतीविषयीच लिहायचे ठरवले आहे.

वरचे साहेब कोण?

एजंट ज्यांना 'वरचे साहेब' म्हणतात, त्यांना विमा व्यवसायात अंडररायटर असे नाव आहे. शब्द जुना आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे विमे उतरवले जात. जहाज कोणते, माल कोणता, धोका किती हे एका कागदावर लिहीत आणि तो धोका पत्करायला तयार असलेले व्यापारी त्या मजकुराखाली आपले नाव लिहीत. खाली नाव लिहिणारा तो अंडररायटर. आज जहाजाच्या जागी तुमचे-आमचे शरीर आले आहे, एवढाच फरक.

आरोग्यविम्याचा अंडररायटर मोठ्या शहरातील कचेरीत बसतो. तो तुम्हाला कधी पाहत नाही. तुम्ही रोज पहाटे फिरायला जाता, शेतात राबता, जिने चढताना दमत नाही, यातले काही त्याला दिसत नाही. त्याच्यासमोर येतो तो कागद: प्रस्ताव अर्ज, तपासण्यांचे अहवाल, असलेच तर डॉक्टरांचे पत्र. त्यावरून त्याला निर्णय घ्यायचा असतो. अर्ज तसाच स्वीकारायचा, जादा हप्ता लावून स्वीकारायचा, काही काळ थांबवून आणखी तपासण्या मागवायच्या, की नाकारायचा?

आता एजंटाची बाजू पाहा. पॉलिसी झाली तरच त्याला कमिशन मिळते. अर्ज अडकला की गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, आणि गावात बोलबाला होतो तो वेगळाच. म्हणून त्याला वाटते, वरच्यांना जितके कमी कळेल तितके बरे. तिकडे अंडररायटरला वाटते, एजंट काहीतरी दडवतोच. तेव्हा जिथे शंका आली तिथे नकार दिलेला बरा. दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही आणि या अविश्वासाची किंमत भरतो तिसराच, पॉलिसीधारक.

अर्धे सत्यही नडते

आजार लपवू नये, हे सर्वांना निदान ऐकून तरी माहीत असते. पण खरे सांगूनही अर्धवट सांगितले तर काय होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. याची एक हकिगत सांगतो. तीत चूक माझीच होती.

आमच्या भागातील एका अंगणवाडीच्या ताईंचा अर्ज होता. त्यांचे गर्भाशय काही वर्षांपूर्वी काढले होते. एजंटाने ते प्रामाणिकपणे लिहिले आणि माझ्याकडे दाखला मागितला. दवाखान्यात गर्दी होती. मी घाईने दोन ओळी खरडल्या: 'गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली आहे. सध्या प्रकृती ठीक.' तीन आठवड्यांनी अर्ज नामंजूर होऊन परत आला. एजंट तणतणत आला, "बघा डॉक्टर, खरं लिहिलं की हे असं होतं!"

शांतपणे विचार केला तेव्हा ध्यानात आले. गर्भाशय काढण्याची कारणे अनेक असतात. साध्या गाठी असतात, अतिरक्तस्राव असतो, अंग बाहेर आलेले असते आणि कर्करोगही असतो. माझ्या दोन ओळींवरून त्या अंडररायटरने यांतले कोणते समजायचे? त्याने सर्वांत वाईट शक्यता धरली. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. ताईंना विचारले तर त्यांनी घरच्या पत्र्याच्या पेटीतून काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल आणून दिला. साध्या गाठी, कर्करोगाचे लक्षण नाही, असे त्यात स्पष्ट होते. त्या अहवालासह मी नवे पत्र दिले. फेरविचारात अर्ज नेहमीच्याच हप्त्यात मंजूर झाला.

मंजुरी आणि नामंजुरी यांच्यात अंतर होते ते पेटीतल्या एका कागदाचे. तो कागद पहिल्याच वेळी गेला असता, तर ताईंना 'आपल्याला काही मोठा रोग तर नाही ना' या काळजीत तीन आठवडे काढावे लागले नसते.

अंडररायटरला नेमके काय हवे असते?

कोणताही आजार असो, त्याचे प्रश्न साधारण पाचच असतात. आजाराचे नेमके निदान काय? तो कधीपासून आहे? उपचार कोणते आणि औषधाचा डोस किती? आज स्थिती काय आहे, म्हणजे ताजे आकडे काय सांगतात? आणि त्या आजाराने दुसऱ्या कोणत्या अवयवाला इजा झाली आहे का?

मधुमेहाचेच उदाहरण घ्या. 'मधुमेह आहे, गोळ्या चालू' ही माहिती खरी असली तरी तिचा उपयोग नाही. कारण मधुमेही माणूस तीस वर्षे धडधाकट जगतो आणि मधुमेहानेच दुसऱ्याची मूत्रपिंडे दहा वर्षांत निकामी होतात. दोघांच्याही अर्जावर शब्द तोच असतो. त्याऐवजी एजंटाने असे पत्र जोडले तर पाहा:

'अर्जदार वय ५८. मधुमेह २०१७ पासून. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, इन्सुलिन नाही. गेल्या महिन्यातील एचबीएवनसी ६.९, सहा महिन्यांपूर्वी ७.१. क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासली, दोष नाही. कार्डिओग्राम नॉर्मल. डोळ्यांचे पडदे तपासले, दोष नाही. मधुमेहासाठी रुग्णालयात कधी दाखल नाही. तंबाखू, सिगारेट नाही. रोज तासभर चालतात. अहवालांच्या प्रती सोबत.'

दहा ओळींचे पत्र, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहतो. वाचकांच्या माहितीसाठी सांगतो, एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी पातळी दाखवते. त्यामुळे तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड बंद करून तिला फसवता येत नाही. अंडररायटरचा तिच्यावर भर असतो तो याचसाठी.

रक्तदाब असेल तर किती औषधे लागतात आणि ताज्या नोंदी काय आहेत, ते लिहावे. अँजिओप्लास्टी झाली असेल तर तारीख, किती स्टेंट आणि त्यानंतरचा हृदयाचा इको अहवाल जोडावा. क्षयरोग होऊन गेला असेल तर उपचार पूर्ण केल्याचा कागद हवा. कोणतीही गाठ काढली असेल तर तिचा तपासणी अहवाल हवाच. आणि 'चक्कर येऊन पडले' एवढेच कधीही लिहू नये. ओल्या फरशीवर पाय घसरून पडणे वेगळे आणि अर्धांगाचा सौम्य झटका येऊन पडणे वेगळे.

गुडघ्याचे दुखणे आणि अमेरिकेचा धडा

आपल्याकडील अनेक एजंट आधी आयुर्विम्याचे काम करून मग आरोग्यविम्याकडे वळलेले असतात. आयुर्विम्यात प्रश्न असतो की माणूस किती वर्षे जगेल. तिथे गुडघेदुखीला कोणी विचारत नाही, कारण गुडघेदुखीने कोणी मरत नाही. त्याच सवयीने ते आरोग्यविम्याच्या अर्जातही गुडघा सोडून देतात. पुढे गुडघ्याचा सांधा बदलायची वेळ आली की तो सोडलेला गुडघा आडवा येतो. विमा बदलला की प्रश्न बदलतो, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेत दिसते. तिथे दीर्घकालीन शुश्रूषेचा स्वतंत्र विमा असतो. म्हातारपणी माणूस अंथरुणाला खिळला, विस्मरणाने परावलंबी झाला, तर त्याला अंघोळ घालणारा, भरवणारा माणूस लागतो. घरी बाई ठेवा नाहीतर शुश्रूषागृहात ठेवा, खर्च वर्षानुवर्षे चालतो. अमेरिकेतील वृद्धांसाठी असलेली मेडिकेअर ही सरकारी योजना असा दीर्घकाळचा सांभाळ करत नाही. म्हणून लोक पन्नाशी-साठीत हा विमा घेतात. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींनाही त्या वयात हा विचार करावा लागतो.

तिथल्या १९९६ च्या कायद्याने या विम्याची मोजपट्टी ठरवून दिली आहे. अंघोळ, कपडे घालणे, जेवणे, संडासला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे आणि मलमूत्रावर ताबा ही ती सहा कामे. यांतली निदान दोन कामे किमान नव्वद दिवस दुसऱ्याच्या मदतीशिवाय करता येणार नाहीत, किंवा बुद्धी इतकी क्षीण झाली की सतत देखरेख लागते, असे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळाले तर लाभ सुरू होतो. साहजिकच या विम्याचा अंडररायटर विचारतो की हा माणूस किती वर्षे स्वतःच्या पायांवर उभा राहील आणि त्याची स्मृती किती टिकेल. संधिवात, मणक्याचा त्रास, वारंवार पडणे, हातात आलेली काठी, हल्ली वाढलेला विसराळूपणा या आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी तिथे पहिल्या रांगेत येतात. फोनवरील मुलाखतीत अर्जदाराला काही शब्द ऐकवतात, मध्ये दुसरे बोलणे काढतात आणि थोड्या वेळाने तेच शब्द आठवून सांगायला लावतात. विस्मृतीची सुरुवात अशाने पकडता येते.

हे निकष उगाच कडक झालेले नाहीत. सुरुवातीच्या काळात तिथल्या कंपन्यांनी हप्ते फार कमी धरले. माणसे अपेक्षेपेक्षा जास्त जगली, दावे लांबले. मेटलाइफसारख्या बड्या कंपनीने तर २०१० च्या अखेरीस या विम्याच्या नव्या पॉलिसी विकणे बंद केले. जे उरले ते अर्ज डोळ्यांत तेल घालून पाहू लागले.

अशा वेळी तिथल्या अनुभवी एजंटांनी तीन सवयी लावून घेतल्या. पहिली, अर्ज भरण्याआधीच अंडररायटरला फोन करून, अर्जदाराचे नाव न सांगता, 'असे वय, असा आजार, अशी औषधे, अर्ज करावा का?' असे विचारून घेणे. त्यामुळे नकाराचा शिक्का टळतो. दुसरी, अर्जासोबत माणसाचे दैनंदिन जीवन सांगणारे पत्र जोडणे: स्वतः गाडी चालवतात, बाग करतात, नातवंडे सांभाळतात. तिसरी, कंपनीकडून कोणता फोन येईल, काय विचारतील, याची अर्जदाराला आगाऊ कल्पना देणे. या तिन्ही गोष्टींना खर्च नाही. लागते ती फक्त बोलण्याची तयारी.

आपल्याकडे मेडिक्लेम १९८६ मध्ये आला. तो मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. अर्धांग झालेल्या रुग्णाला घरी वर्षभर सांभाळण्याचा खर्च त्यात सहसा बसत नाही आणि त्या सांभाळाचा वेगळा विमा आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. पण वरील तीन सवयी आपल्या मेडिक्लेमलाही तंतोतंत लागू पडतात.

'मला काही नाही हो'

तिसऱ्या सवयीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण आपल्याकडेही आता कंपनीच्या डॉक्टरांकडून अर्जदाराला फोन येतो. दृश्य कसे असते पाहा. आजोबा अंगणात बसलेले. अनोळखी नंबरावरून फोन येतो. पलीकडून कोणी हिंदीत भराभर विचारते, बीपी है? शुगर है? कोई ऑपरेशन हुआ है? आजोबांना निम्मे ऐकू येत नाही. शिवाय परक्या माणसाला आपली दुखणी काय सांगायची, हा संकोच. ते म्हणतात, "नाही, नाही. मला काही नाही हो. देवाच्या कृपेने ठणठणीत आहे." हे बोलणे ध्वनिमुद्रित होते. पुढे दावा आला की तेच काढले जाते.

म्हणून एजंटाने आधी सांगून ठेवावे. घरातील एखाद्या जाणत्या माणसाने जवळ बसावे. औषधांच्या पट्ट्या समोर ठेवाव्यात. प्रश्न मराठीतून विचारा असे सांगावे आणि न कळलेला प्रश्न पुन्हा विचारायला लावावा. समजल्याखेरीज 'नाही' म्हणू नये.

आम्हा डॉक्टरांचीही एक सवय येथे कबूल केली पाहिजे. रुग्णालयात भरती होताना घाबरलेला नातेवाईक म्हणतो, "झाली असतील दहा-बारा वर्षं शुगरला." शिकाऊ डॉक्टर केसपेपरवर '१२ वर्षांपासून मधुमेह' लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात निदान चार वर्षांपूर्वीचे असते. त्या एका आकड्यावरून आजार पॉलिसीच्या आधीचा ठरतो आणि प्रामाणिक माणसाचा दावा अडकतो. तेव्हा नातेवाइकांनी अंदाजाने वर्षे सांगू नयेत. जुनी फाइल सोबत न्यावी आणि तारीख त्यावरून सांगावी.

कायदा काय म्हणतो?

विम्याचा करार परम विश्वासावर उभा असतो, असे कायदा मानतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मेडिक्लेमचे एक प्रकरण आले होते. अर्जदाराने मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार सांगितला नव्हता. सुज्ञ विमा कंपनीच्या निर्णयावर परिणाम करू शकेल अशी प्रत्येक बाब महत्त्वाचीच, असे सांगून न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला. २०१९ मध्ये आयुर्विम्याच्या एका प्रकरणात, अर्जातील मजकूर न समजावता सही घेतली, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. सही तुमची तर जबाबदारीही तुमची. गुरुजींची बाजू लंगडी पडली ती इथेच.

आता दुसरी बाजू पाहा. डिसेंबर २०२१ चा निकाल परदेश प्रवासाच्या मेडिक्लेमचा आहे. अर्जदाराने आपला मधुमेह आधीच सांगितला होता. अमेरिकेत उतरताच हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसवावे लागले. कंपनीने आधीच्या आजाराचे कारण देऊन दावा नाकारला. न्यायालय म्हणाले, आजार सांगितलेला होता, कंपनीने तो तोलून पॉलिसी दिली, आता त्याच कारणाने नकार देता येणार नाही. वाचकहो, या दोन मधुमेहींच्या निकालांत फरक पाडला तो अर्जाने.

एप्रिल २०२४ पासून नियमही विमेदाराच्या बाजूने सैल झाले आहेत. आधीपासूनच्या सांगितलेल्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असे. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिली की माहिती दिली नाही या कारणाने दावा नाकारता येत नाही, मात्र सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळली आहे. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती.

यावर कोणी म्हणेल, मग पाच वर्षे गप्प बसावे हे उत्तम! गुरुजींचे गणित मांडून पाहा. पॉलिसीला चार वर्षे तीन महिने झाले होते. मधुमेह लिहिला असता तर जुन्या नियमानेसुद्धा प्रतीक्षा केव्हाच संपली असती आणि दावा उभा राहिला असता. लिहिला नाही, म्हणून पाच वर्षांची मुदत भरायला नऊ महिने कमी पडले. हृदय काही मुदत पाहून बंद पडत नाही.

काय करावे?

थोडक्यात सांगायचे तर पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. अर्ज भरण्यापूर्वी घरातील प्रत्येकाची आजार, शस्त्रक्रिया, भरती आणि औषधे यांची यादी तारखांसह करावी. मोतीबिंदू, हर्निया, जुना कावीळ-क्षय, बाळंतपणातील रक्तदाब हेही त्यात यावे. काय महत्त्वाचे ते आपण ठरवू नये.

२. यादी घेऊन एकदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि वर सांगितलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे असलेले पत्र मागावे. 'प्रकृती ठीक' एवढा दाखला घेऊ नये.

३. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या अर्जावर सही करू नये. ऑनलाइन अर्ज असेल तर ओटीपी सांगण्याआधी भरलेली माहिती वाचून घ्यावी. हल्ली ओटीपी हीच सही आहे.

४. एजंट 'हे लिहायला नको' म्हणाला, तर तेवढेच वाक्य त्याला कागदावर लिहून द्यायला सांगावे. तो लिहून देणार नाही, पण अर्जात आजार मात्र लिहील.

५. पॉलिसी हाती येताच सोबतची अर्जाची प्रत वाचावी. पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करण्याचा हक्क आहे. चूक दिसली तर लगेच लेखी कळवून पोच घ्यावी.

६. आधीच काही सांगायचे राहून गेले असेल तर आजच कंपनीला लेखी कळवावे. कंपनी जादा हप्ता लावेल, प्रतीक्षा लावेल, प्रसंगी पॉलिसी रद्दही करील. पण ते धडधाकट असताना कळलेले बरे, अतिदक्षता विभागाच्या दारात नव्हे.

७. दावा चुकीने नाकारला असे वाटल्यास आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही. लोकपालांची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत.

एजंट मंडळींनाही एक विनंती. गावात तुमची पत असते ती दावे मिळवून दिल्यामुळे. एक फेटाळलेला दावा दहा पॉलिसींची वाट बंद करतो. अर्ज महिनाभर अडकला तर गिऱ्हाईक रुसेल, पण दावा अडकला तर त्याचे घर बसेल.

गुरुजींचा तो विद्यार्थी काही दिवसांनी त्यांच्याकडे गेला. मान खाली घालून ओसरीवर बसला. गुरुजी त्याला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, चूक दोघांची. तू लिहिलं नाहीस, मी वाचलं नाही." आता तो कोणताही अर्ज भरण्याआधी माझ्या दवाखान्यात येतो. वहीत पाच प्रश्न लिहिलेले असतात. गर्दी असली तर बाकावर थांबतो. आणि मीही आता दोन ओळींवर भागवत नाही.